पासिंगच्या आदल्या दिवशी

उद्या दहाला वडाळ्यात पासिंग.
आज रविवार, व्हॅन रिकामी.
मागच्या सीटखाली एक पाण्याची बाटली, अर्धी पेन्सिल,
मॅटला चिकटलेली जेलीची गोळी.

मोनोरेलच्या खांबाखाली तांडेल जॅक लावतो.
चाक जमीन सोडतं.

आडनाव तांडेल, पण होडीवर कधी गेला नाही.
आजा वारला तेव्हा सुकाणू विकलं,
म्हणतो, लाकूड चांगलं होतं.

"घड्याळ समज. नऊ आणि तीन."
दोन्ही पंजे टायरवर, आणि हलवतो,
बंद दुकानाचं शटर हलवून बघावं तसं,
आत कुणी आहे का.
आहे.
टक्.
"एंड गेलाय."
मग बारा आणि सहा. तिथे सगळं गप्प.

जॅक उतरवून मला आत बसवतो.
"स्टेअरिंग फिरव. हळू. चाक हलायच्या आत थांब."
मी फिरवते. दोन बोटं, तीन बोटं,
चाकाला पत्ताच नाही.
"एवढा प्ले?" गाडीखालून ओरडतो.
शाळेची व्हॅन आहे, मी म्हणते, थोडा प्ले असायचाच.
तो हसत नाही.

मग पुढच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून सोडून देतो.
एकदा वर येऊन थांबायला हवी.
डावी बाजू तीनदा डुलते.
शॉकअपवर तेलाचा ओघळ, त्यावर धुळीची साय.
"कधीपासून ओढते डावीकडे?"

गणपतीपासून.
चेंबूरच्या त्या खड्ड्यात शर्विलचा डबा उडाला होता,
टपापर्यंत उपमा.
सगळी पोरं हसली, मीही हसले.
तेव्हाच गेलं असणार.

"मग आणली का नाहीस?"

काय सांगू.
उजवा हात बघून घेत होता.
क्षणाक्षणाला जरासं उजवीकडे,
मलाही न विचारता.
रात्री खांदा ठणकायचा, मी बाम चोळायची
आणि उशीला दोष द्यायची.

दोन एंड, चार बुश, शॉकअपची जोडी.
एकच नाही का चालणार?
"नाही. नवा जुन्याला नाचवतो."
मी मनात घरं मोजते,
कुणाकुणाची फी बाकी आहे.

अलाइनमेंट होईस्तोवर दिवे लागतात.
"चक्कर मार. हात सोडून बघ."
शिवडीकडे, गोदामांच्या मधून, रस्ता मोकळा.
मी हात सोडते.
व्हॅन सरळ जाते,
बाटलीसुद्धा जागची हलत नाही.

हात परत ठेवते,
आणि ती दुभाजकाकडे निघते.
सरळ करते. पुन्हा उजवीकडे.
"आता तिला सोड," बाजूला बसलेला तांडेल म्हणतो,
"तिचं झालं."

सिग्नलला थांबून मी खांदा खाली सोडते.
वर येतो.
सोडते.
वर येतो.
मोजते आहे.