दोन ते तीन

माझी पाळी दोन ते तीन.
ती वेळ मेरेआनाने परस्परच लिहून टाकली यादीत.
म्हणाली, "तुला नाहीतरी झोप कुठे येते?"
खरं आहे. ट्रेव्हर गेल्यापासून
त्या वेळेला मी किटली चढवते, नि उकळायच्या आत बंद करते.

माताउरा नदीकाठचं शाळेचं मैदान,
चारशे मीटरचा गोल, त्यावर पसरलेला पेंढा,
कारण दुपारीच पाऊस होऊन गेलेला.
गोलाच्या कडेने कागदी पिशव्या,
प्रत्येकीत मूठभर वाळू, एक मेणबत्ती,
आणि बाहेर जाड पेनने एक नाव.
लोकर कातरणाऱ्या पोरांचा तंबू घोरत होता.
सॉसेजचा तवा गार पडलेला,
कांद्याचा वास तेवढा जागा.

संध्याकाळी माइकवर कुणीसं ओरडलं होतं,
"कॅन्सर झोपत नाही, म्हणून आज आपणही नाही!"
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
ट्रेव्हरला मात्र शेवटी शेवटी झोपच झोप होती.
मी चमचा धरून उभी, आणि सूप निवत जायचं.

बॅटन हातात आलं ते कोमट होतं,
आधीच्या मुलीच्या तळव्याने.
नियम एकच: ते थांबता कामा नये.

गोलावर आम्ही दोघंच.
मी, आणि पलीकडच्या संघातला कॉलिन मॅकर्सी.
आमच्या कुरणांमधल्या चरावरून
अकरा वर्षांचा अबोला.
वकिलाची दोन पत्रं, एक बुडालेलं वासरू,
दुकानाच्या रांगेत एकमेकांना दाखवलेल्या पाठी.
ट्रेव्हरच्या अंत्यविधीला आला होता म्हणे,
बाहेर गाडीतच बसून राहिला.

मी भरभर चालते. तो गुडघ्याने अधू.
दर तिसऱ्या फेरीला मी त्याला मागून गाठायचे.
पहिल्यांदा बाहेरून वळसा घालून गेले.
दुसऱ्यांदा त्याने खोकून वाट दिली.
तिसऱ्यांदा दोघांनीही आभाळाकडे पाहिलं,
जणू तिथे वाचण्यासारखं काही होतं.

मग दक्षिणेचा वारा सुटला.
पिशव्या फडफडल्या, आणि दिवे विझत गेले
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
निजायच्या आधी कुणी घरभर फिरून मालवावेत तसे.

वळणावर आले तर मॅकर्सी खाली बसलेला.
वाटलं, पडला की काय.
बॅटन काखेत. कोटाचा आडोसा. हातात लायटर.
पिशवीवर माझंच अक्षर: ट्रेव्हर.
ज्योत दोनदा गेली. तिसऱ्यांदा धरली.
मला वाटलं, शेजारची त्याच्या बायकोची असणार.
नव्हती. शेजारची कुणा सहा वर्षांच्या पोराची होती.
एस्मी मॅकर्सी अजून वीसेक पिशव्या लांब, अंधारात.
तो ओळीने लावत चालला होता.

"थांबलास," मी म्हटलं.
अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द,
आणि तोही तक्रारीचा.
"मग धर की तू," म्हणाला,
आणि आपलं बॅटन माझ्यापुढे केलं.

दोन हातांत दोन बॅटन घेऊन
मी त्याच्याभोवती फिरत राहिले,
मेंढरांभोवती कुत्रं फिरतं तशी, लहान लहान फेऱ्या,
आणि तो गुडघे घासत एकेका नावाकडे सरकला.
एस्मीपाशी पोचलो तेव्हा मी वारा अडवून उभी राहिले.
अगदी स्तब्ध. नियम मोडला.
कुणी पाहिलं नाही.

तीन वाजले. चार वाजले.
माझ्या जागी यायची पोरगी झोपून राहिली,
तिला आम्ही उठवलं नाही.

उजाडताना चहा. मेरेआनाने जमलेली रक्कम सांगितली,
मला नीट ऐकू आली नाही.
मॅकर्सीने तीन चमचे साखर घातली, ढवळत राहिला.
"तो चर एकदा बघायला हवा."
"तुझ्याच बाजूने तुंबलाय."
"तुझ्या."
मग आम्ही भांडलो,
चहा पार गार होईपर्यंत.