गडद निळ्यातलं

घरी माझा एडिटर म्हणजे रंगांची चैन.
आकडे जर्दाळूच्या रंगाचे,
शेरे राखाडी, त्यातही दोन राखाड्या,
चुकीखाली नाजूक गुलाबी नागमोड.
हे सगळं पेनड्राइव्हवर घालून मी नेलं
अंबडला, व्हॉल्व्हच्या एका कारखान्यात,
जिथे एक जुना कन्सोल
अजून तिसऱ्या पाळीला कामावर येतो.

ऐंशी अक्षरं रुंद, पंचवीस ओळी उंच.
माऊस नाही.
डोकं इतकं तापलेलं
की वर ठेवलेला पिंपळेमामांचा डबा
पहाटेपर्यंत कोमट राहतो.

एडिटर उघडला, आणि
चौकटीच्या आडव्या रेघेच्या जागी क्यू क्यू क्यू क्यू,
उभ्या रेघेत एक्सवर एक्स.
पिवळा मागितला, काकवी आली.
मागची पाटी उजळ करायला गेले
तर अक्षरंच उघडझाप करू लागली,
मध्यरात्रीनंतर द्वारकेचा सिग्नल करतो तशी.
मामा म्हणाले, "ताई, आजारी पाडलं का याला?"

मग बसले.
आधी त्याला विचारायला शिकवलं:
बाबा, तू कोण, तुला किती रंग येतात?
तो खरं सांगतो. आठ. फार तर सोळा, ठळक धरून.
आम्हीच कधी विचारत नव्हतो.
रेघांऐवजी अधिक आणि उणे, खांबांना उभी दांडी.
जर्दाळू कापला. गुलाबी कापला.
दोन राखाड्यांतली एकही राहिली नाही.
शेऱ्यांना उरला गडद निळा, काळ्यावर,
विहिरीत पडलेल्या किल्लीसारखा.

"तिथे काही लिहिलंय?" मामांनी काचेला नाक लावलं.
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय त्यांचा.
"मला वाटायचं, मोकळ्या ओळी सोडल्यात.
जुन्या एडिटरातही अशाच होत्या.
अकरा वर्षं मी त्यांवरून खाली येतोय."

मामा तांबट आळीतले. वडील हंडे ठोकायचे.
म्हणाले, "तांब्याला रंग तीनच.
भट्टीतला, ठोक्याखालचा,
आणि चिंच लावून घासल्यावरचा.
तेवढ्यात सगळं कळतं. तुम्हाला कशाला हवेत एवढे?"

मी उत्तर दिलं नाही. शेरे पांढरे केले,
साधे पांढरे, ठळकसुद्धा नाहीत,
आणि प्रोग्रॅमच्या मध्यभागी
कुणीतरी बोलू लागलं.
मराठीच, पण रोमी लिपीत,
या काचेला देवनागरी कधी आलीच नाही:

पट्टा तापला की सैल होतो.
म्हणून इथे शून्य दशांश चार जास्त धरलंय.
पट्टा नवा बसवाल तेव्हा हे काढा.
शिरसाट.

मामा बोटानं एकेक अक्षर जुळवत होते.
शिरसाटशी थांबले.
भांड्यावर नाव घालतात तसं त्यानं ते घातलं होतं,
काठाजवळ, बारीक ठिपक्यांनी,
म्हणजे लग्नघरात कितीही भांडी एकत्र झाली
तरी आपलं परत यावं.

"पट्टा तर आपण गेल्या दिवाळीत बदलला,"
मामा सावकाश म्हणाले.
"तेव्हापासून शंभरातले दोन नग परत येतात.
मालाला नावं ठेवली. पोरांना नावं ठेवली.
एकाला तर घरी बसवलं."

कंप्रेसर सुरू झाला, बंद झाला.

मी शून्य दशांश चार काढलं.
शिरसाटांचा शेरा पुसला नाही.
त्याखाली तारीख घातली, पट्टा बदलल्याचं लिहिलं.
"नाव कुणाचं घालू?"
मामा डबा उतरवत होते. म्हणाले,
"त्या पोराचं घाला. अविनाश.
आडनावाचं स्पेलिंग मला येत नाही,
हजेरीच्या वहीत बघावं लागेल."

वही कार्यालयात, कार्यालयाला कुलूप.
सकाळी आठपर्यंत कर्सर तिथेच लुकलुकत होता,
अविनाशच्या पुढे एक घर सोडून.
उजव्या खालच्या कोपऱ्यात
एक क्यू अजून उरलाय.
तो का येतो, मला कळलेलं नाही.