स्लॅब उतरवताना

मल्लाप्पा म्हणाला, आधी पाणी मारा, धूळ बसू द्या.
मग त्यानं जिन्याच्या कोपऱ्यावर ब्रेकर टेकवला
आणि सगळ्या गल्लीतल्या मांडण्या थरथरल्या.

घर बांधताना जो शेवटी येतो
तो पाडताना पहिला.
निघाला डांबराचा कागद, उन्हानं पापडासारखा फुगलेला,
त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा,
त्याखाली पुन्हा सिमेंट, पुन्हा चुना,
आणि एका पावसाळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून
आईनं ओतलेलं गूळ-बेलफळाचं पाणी,
त्याचा एक काळा डाग.
गळती थांबवायच्या आमच्या सगळ्या अकला
एकावर एक.
पाणी त्यातूनही वाट काढायचं
आणि बरोबर पिठाच्या डब्यावर यायचं.

आमच्या लेंगऱ्यात
स्लॅब ओतला की म्हणतात, स्लॅब पडला.
पडला त्या दिवशी मी पाच वर्षांची,
घमेली मोजत होते, वीसच्या पुढं येत नव्हतं.
दादा सेलमहून आलेले, गलाईच्या भट्टीवरून,
भुवया जळलेल्या,
बरोबर पितळेची भांडी, दोन पोती तमिळ रद्दीत गुंडाळून.
इलाही मिस्त्री म्हणाला,
फळ्यांना फटी हायत, रस गळंल,
हातरा ती रद्दी.

एकवीस दिवसांनी फळ्या काढल्या.
कागद ओला होऊन लोंबला, गेला.
शाई वरच राहिली.
गिलाव्याला पैसे उरले नव्हते,
तेही वरच राहिलं.

मग रात्री अंथरुणावर उताणी पडून
मी ते बघायचे.
गोगलगायीसारखी अक्षरं, आरशातली,
एकही ओळखीचं नाही.
पण मधोमध, पंख्याच्या हुकापासून खुंटीपर्यंत,
आकडे. नुसते आकडे.
उलटा सात, उलटा तीन, ओळीच्या ओळी.
मला वाटायचं, हा दादांचा हिशोब,
या घरापायी किती देणं झालं त्याचा.
मनीऑर्डर लांबली की आईपण वर बघायची.
तिला विचारलं नाही कधी,
तीपण तेच वाचते का.

दहावीला गणितात राहिले.
पुन्हा बसू का, हे कुणाला विचारायचं होतं,
पण छताकडं बघितलं
आणि गप्प राहिले.

आता भावाचा प्रणीत सुट्टीला आलाय,
सेलममध्येच वाढलेला,
मराठीत भांडतो आणि तमिळमध्ये हसतो.
ब्रेकर चहाला थांबला तेवढ्यात
त्यानं मोबाइल वर धरला, फोटो उलटा केला.
निम्मं छत तोवर खाली आलं होतं.
आत्या, हे निकाल आहेत, म्हणाला.
कसले?
शाळेच्या परीक्षेचे. हे सगळे नंबर
पास झालेल्यांचे.

मल्लाप्पाची बायको सळईला लागलेली खडी झाडत होती.
तीपण थांबली.
आई बाजेवरून म्हणाली, किती पोरं?
प्रणीतनं मोजायला सुरुवात केली,
दीडशेच्या पुढं कंटाळला.
एवढी? आई म्हणाली,
आपल्याच घरात?
आणि पदर तोंडाला लावला, धुळीसाठी असेल.

दुपारी जमीरचा टेम्पो आला.
सळई तीनशे बारा किलो भरली.
तो म्हणाला, गंजलीय, भाव कमी होईल.
मी म्हणाले, जुनी टाटाची हाय, नीट बघ.
त्यानं नीट बघितलं
आणि दोन रुपये वाढवले.

राडा ट्रॅक्टरनं ओढ्याच्या वाटेवर टाकला,
तिथं दर पावसाळ्यात खड्डा पडतो.
एक तुकडा मी बाजूला काढलाय, तव्याएवढा,
त्यावर चार आकडे, बाकी तुटलेलं.
नव्या घरात कुठं ठेवायचा कळत नाही.
इंजिनियर विचारतो, सिलिंगला पीओपी करायचं ना?

आज रात्री चार भिंती आहेत आणि वर काही नाही.
आई म्हणते, दव पडेल, पत्रा तरी टाका.
प्रणीत झोपलाय.
मी उताणी पडलेय,
सवयीनं मधोमध बघतेय.