पियेदादचं पान

आल्बेर्तिनाबाईंचं पान मी बांधलं
रायबंदरच्या भाड्याच्या खोलीत,
एक पंखा, एक खिडकी, खिडकीत दिवाडीची फेरी.
पान साधं: घरात कुणी पीत असेल तर
फोन कुठे करायचा, काय बोलायचं, काय नाही,
आणि शनिवारी चार वाजता
चर्चमागच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात.
एवढंच.

पैसे देणारा पणजीचा निनाद खांडेपारकर म्हणाला,
कुकी टाक. कोण येतं, कुठून येतं,
कुठल्या ओळीवर बोट थांबतं,
परत येतं का.
आकडे दाखवले की देणगी वाढते.
तो वाईट माणूस नाही. बेटावर त्याचं आजोळ आहे.

आल्बेर्तिनाबाईंनी कुकी ऐकलं
आणि आतून बोलिन्हांची बशी आणली.
म्हटलं, ही खायची नव्हे.
तुम्ही कुणाकडे चहाला जाता,
निघताना ते तुमच्या झग्याच्या घडीत
एक चिठ्ठी खोचून देतात,
मग जाल त्या दारात ती वाचली जाते, तशी.
त्या बशी धरून उभ्याच राहिल्या.
म्हणाल्या, चिठ्ठी? इथं चिठ्ठी कशाला लागते?

पोदेराला कळतं, दोन उंडे जास्त घेतले
म्हणजे जहाजावरचा मुलगा घरी आलाय.
फेरीवर गाड्या लावणाऱ्या पोराला कळतं
सव्वानऊची फेरी रोज कोण चुकवतो, कशापायी.
तावेर्नवाल्या कायतानच्या वहीत
नवऱ्यांची नावं, बायकांच्या बांगड्या.
माझाच नवरा बारा वर्षं त्या वहीत होता.
मदत मागायला मी बाहेर पडले,
छत्री उघडायच्या आधी
कपेलापर्यंत बातमी पोचली होती.
मी परत फिरले.
तीन वर्षं, बाय. आणखी तीन वर्षं.

मग बशी खाली ठेवली.
तुझ्या पानाला डोळे नकोत.

रात्रभर बसून पान सोललं.
दुसरीकडून मागवलेली सुरेख अक्षरं काढली,
तीसुद्धा वाचणाऱ्याचा पत्ता घेऊन
आपल्या मालकाकडे धावतात.
नकाशा काढला, त्याजागी लिहिलं:
पांढरा खुरीस दिसला की डावीकडे.
नाव विचारणारी चौकट गेली.
होय म्हणा, होय म्हणा, करणारी ती पाटी,
तीही गेली. विचारायलाच काही उरलं नव्हतं.
नोंदींची फाईल पहाटे स्वतःला पुसते,
मागे राहतो एक आकडा.

मंगळवारी सात. बुधवारी शून्य.
गुरुवारी, का कोण जाणे, एकोणीस.
सातातले तीन कदाचित मीच.

निनाद विचारतो, सात कोण?
ठाऊक नाही.
बेटावरचे?
ठाऊक नाही.
हे म्हणताना मला सुख होतं असं सांगितलं
तर अर्धंच खरं. पोटात गोळाही येतो.
या धंद्यात इतकी वर्षं मी
ठाऊक आहे, ठाऊक आहे, एवढंच विकत आले.

काल शेवटच्या फेरीने परतत होते.
मांडवीला भरती. पायी येणाऱ्याला
तिकीट नाही, नावही कुणी विचारत नाही.
कठड्याशी एक बाई,
फोन छातीशी उपडा धरलेला,
कडेने थोडा उजेड गळत होता.
पिवळसर. तो पिवळा मी ओळखते,
मीच निवडलेला,
अंधारात शेजारी झोपलेल्याच्या
डोळ्यांवर जाऊ नये म्हणून.
असेलही. पिवळे पुष्कळ असतात.
मी पाण्याकडे बघू लागले.
फेरीची फळी धक्क्याला टेकली
तेव्हा ती पुढे होती की मागे,
रडत होती की नुसतीच उभी,
मी पाहिलं नाही.