अंगठा

ग्रिम्सबीच्या या शाळेत पावणेनऊला
मी कपाट उघडते.
रात्रभर चार्ज झालेले तीस टॅब्लेट
हिरव्या ठिपक्यांनी माझ्याकडे बघतात.
गोदीकडून वारा मासळीचा वास घेऊन येतो,
मुलं ओले कोट खुंटीला अडकवतात
आणि ज्याची त्याची पाटी उचलून
तिच्यावर अंगठा टेकवतात.

आमच्याकडे अंगठा लावणाऱ्याला
अंगठेबहाद्दर म्हणायचे.
इथे हे कुणाला सांगू?
मी वर्गातली मदतनीस, 'मिसेस सॅब'.
साबडे हे आडनाव
यांच्या जिभेवर अर्ध्यातच बसतं.

झुझाना चारही पर्याय पटापट दाबते,
कुठला तरी बरोबर निघतो, तारा मिळतो.
तिच्याकडे चारशे तारे आहेत.
सात आठे विचारलं की ती
खिडकीबाहेरच्या सीगलकडे बघते.

आणि ब्रॅडली.
पेन्सिल धरली की त्याची बोटं पांढरी पडतात,
त्याचा बी भिंतीकडे तोंड करतो, कधी दाराकडे.
पण टॅब्लेटला तो सांगू लागला की पान भरत जातं:
पणजोबांची ट्रॉलर, दोरांवरचा बर्फ,
घराएवढी लाट.
यंत्राला त्याचे उच्चार झेपत नाहीत,
हॅडॉकचं ते हेडेक करतं.
'पणजोबांनी चाळीस पेट्या डोकेदुखी पकडली.'
आम्ही दोघं पोट धरून हसतो.
वही काढ म्हटलं, की मात्र
त्याचं पोट खरंच दुखतं.

यंत्राने त्याला वाचा दिली
की त्याचा हात काढून घेतला?
स्टाफरूममध्ये दोन्ही बाजूंचे वकील आहेत,
चहा गार होईस्तोवर भांडतात.
मी कप विसळते.

नोव्हेंबरात मुख्याध्यापिकेने मला अहवाल दाखवला.
ब्रॅडलीचं खातं: रात्री अकरा चाळीस,
अकरा पन्नास, बारा पाच.
सलग तीन आठवडे.
"सात वर्षांचं पोर, मध्यरात्री स्क्रीनवर!
आईला बोलवा. तुम्ही गोड बोलता."

लिआन मासळीच्या कारखान्यातून तशीच आली,
बोटांना गारठ्याच्या भेगा.
मी पाठ केलेलं बोलले: झोप, डोळे, निळा प्रकाश.
वर छापील पत्रक पुढे केलं.
तिने ते घेतलं. उलटं.
"चष्मा घरी राहिला."

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
लग्नाआधी साताऱ्यात, बँकेच्या काउंटरवर
चार वर्षं ते ऐकलं होतं
आणि न बोलता
शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं.

मी पत्रक परत घेतलं.
म्हटलं, हे जुनंय, राहू दे.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
"तो नऊलाच झोपतो.
ती मी असते.
जोडून येणाऱ्या अक्षरांवर अडकलेय.
ते यंत्र हसत नाही ना.
चुकलं तर नुसतं म्हणतं, पुन्हा करून बघ."

नियम आहे: एक खातं, एक मूल.
अहवालात मी काय लिहिलं
ते इथे लिहीत नाही.

दिवसा तो चुकायचा, रात्री ती सुधारायची.
आलेख चढत होता.
यंत्राला ते एकच मूल वाटलं.
त्याला प्रशस्तिपत्र आलं, सोनेरी काठाचं,
त्याने ते दप्तरात चुरगळून ठेवलं;
आपण एवढे हुशार नाही
हे त्याला ठाऊक होतं.
याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये सहलीचं संमतिपत्र.
फोनवरही देता येतं, एक बटण दाबून.
लिआन शाळेत आली, पेन मागितलं.
आधीच्या फॉर्मांवर असायचं नुसतं एक वेटोळं.
ब्रॅडलीने कागद सरकू नये म्हणून
दोन्ही हातांनी दाबून धरला
आणि ती लिहू लागली. लिआन डॉब्स.
मधले दोन बी:
एक दाराकडे, एक भिंतीकडे.

त्याने बघितलं.
हसला नाही.
माझ्याकडे वळून हळूच म्हणाला,
मिसेस सॅब, पेन्सिल आहे?