टिपकागद

पहाटे पाचला बेटाउनमध्ये
खिडकीची काच बाहेरून घामेजलेली असते.
आत एसी, मी,
आणि आरशात माझ्याआधी उठून बसलेलं
माझं नाक.

रात्री धुऊन, टिपून निजवलं होतं त्याला.
आता त्यावर बेसिनचा दिवा दिसतोय, अख्खा.

कोमट पाणी. गरम नाही;
एवढं कळायला चाळिशी गाठावी लागली.
वाटाण्याएवढा फेसवॉश, बोटांची टोकं,
कपाळ, नाकपुड्यांच्या खाचा, हनुवटी,
मनात साठ आकडे.
घासायचं नाही.
हेच अवघड, कारण आमच्याकडे
घासणं म्हणजेच स्वच्छ करणं होतं:
तांब्या, फरशी, मुलीचं तोंड,
सगळं एकाच जोराने.

इस्लामपुरात डाळीचं पीठ झालं, मुलतानी माती झाली, लिंबू झालं,
एकदा चुलत बहिणीच्या सांगण्यावरून टूथपेस्टसुद्धा.
सकाळी चेहरा वाळवणातल्या पापडासारखा ताणलेला,
आणि तिसऱ्या तासाला
तळलेल्या.
दहावीच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत,
एक पांढरा ठिपका आहे.
ती मी.

इथल्या डॉक्टर कॅस्टियो म्हणाल्या, मॉइश्चरायझर लावा.
मी मनात म्हटलं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.
पण लावते. पाण्यासारखं पातळ.
वर सनस्क्रीन, दोन बोटं भरून,
जे पार्किंग लॉट ओलांडेपर्यंत
अर्धं भुवयांत उतरतं.
ऑगस्टमध्ये इथे हवा श्वासात घेत नाहीत,
अंगात घालतात,
न वाळलेल्या स्वेटरसारखी.

मी रिफायनरीच्या लॅबमध्ये असते.
काचेच्या नळीतून तेल किती सेकंदांत उतरतं ते बघते,
चिकटपणाला आकडा देते, चार दशांशांपर्यंत.
चष्मा तेवढ्यात दोनदा घसरतो.

काल समोरच्या टेबलावरून अर्लीनने
एक पातळ निळा कागद पुढे केला.
पुसू नकोस, म्हणाली, नुसता टेकव.
टिपकागद!
शाईच्या दिवसांतला हा शब्द
तीस वर्षं माझ्यात बिनकामाचा पडून होता.
टिपणं: पाखराने दाणा उचलावा, तेवढंच.
मी कपाळाला टेकवला, दिव्याला धरला.
मधोमध एक आरपार बेट.
अर्लीनने तो चिमट्याने घेतला, लेबल चिकटवलं:
तारीख, वेळ दुपारी दोन दहा,
उगम: कपाळ,
आणि नमुन्यांच्या रॅकमध्ये ठेवून दिला.
कोरडी माणसं आधी तडकतात, म्हणाली.
दोन महिन्यांनी ती रिटायर होतेय.
शिफ्ट संपेपर्यंत आम्ही तो काढला नाही.

आज बाथरूमचं दार आतून बंद.
आत शाल्मली, वय तेरा,
आणि तो आवाज,
खरखर, खरखर, स्क्रबचा,
जो मला भिंतीपलीकडूनही ओळखता येतो.
हळू, म्हणाले.
आवाज थांबला. मग पुन्हा, जास्त जोरात.

दार उघडलं तेव्हा गाल लालभडक
आणि हनुवटीवरचा फोड तिथेच, शाबूत.
मी काहीच बोलले नाही.
रात्री केव्हातरी हेच हात, हेच गाल,
पुरळ नाही, फोड नाही, दुधाचा वास.
खिशातून अर्लीनचा कागद काढून दिला.
तिने नाकावर टेकवला, बघितला,
शी! हे माझ्यातून निघालं?
आणि फेकायच्या आधी, का कोण जाणे,
खिडकीला लावला.

बाहेर अजून अंधार होता.
कागद सगळीकडे निळा, बंद,
फक्त तेलाच्या डागातून
दूरच्या चिमणीवरची ज्योत दिसत होती,
लहान, हलती.
ती बघत राहिली. मीही वाकले,
दोघींची डोकी एकाच डागापाशी.

मग बसचा हॉर्न वाजला
आणि सनस्क्रीन राहूनच गेलं.