मघाचं की आत्ताचं

महाप्यात, कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला
मी नमस्कार मोजत बसलेली असते.

फोन विचारतो, आहेस का?
सर्व्हर म्हणतो, आहे. तू आहेस का?
आहे.
मग किल्ल्यांची देवाणघेवाण,
मग तू कोण, कुठला, सही कोणाची,
आणि एवढं सगळं उरकल्यावर
घणसोलीतल्या कुणाचा तरी साधा प्रश्न:
उद्या पाणी येणार का.

एकशे ऐंशी मिलिसेकंद.
"यातली एखादी फेरी काप," पेडामकर सर जाता जाता म्हणाले,
जसं भेळवाल्याला सांगावं, कांदा जरा कमी.

कापली. तीन आठवडे गेले.
काल भेटलेल्याला आज नाव विचारायचं नाही,
जुनी खूण दाखवायची
आणि पहिल्याच पाकिटात मुद्द्याचं बोलायचं.
एकशे ऐंशीचे एकशे वीस, मग एकसष्ट.
पडद्यावरची रेघ खाली उतरली.
एवढ्या वेळात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही.
सिक्युरिटीचा धनावडे तेवढा म्हणाला,
मॅडम, आज हसताय.

पण त्या पहिल्या पाकिटात एक खोट आहे.
कुणी ते वाटेत धरलं, तसंच्या तसं पुन्हा सोडलं,
तर पलीकडच्याला उमगत नाही
हे मघाचं की आत्ताचं.
म्हणून त्यात पैसे घालायचे नाहीत.
दोनदा पोचलं तरी चालेल
तेवढंच घालायचं.

(बाबांचं तसंच झालं होतं.
ऐरोली पुलाखाली, भर खाडीत,
इकडचा टॉवर सुटला, मुलुंडचा हाताला लागेना,
चकरी फिरत राहिली, त्यांनी पुन्हा दाबलं.
बर्फवाल्या मन्सूरला चारशे रुपये दोनदा गेले.
त्याने संध्याकाळी आणून दिले
आणि निवट्यांचं कालवण जेवून गेला.)

पहाटे पाचला दिवा गावच्या बंदरावरून बाबांचा फोन येतो.
ऐकू येतं का गो?
येतंय. तुम्हाला?
हां.
मग वारा. इंजिनाची धडधड.
इथे माझ्याकडे कापायला काही नाही,
मी घड्याळही लावत नाही.

जेवलीस का?
जेवले.
रेंज जाते. येते.
जेवलीस का गो?

यादी करताना मी सरांना लिहून दिलं
पहिल्या पाकिटात काय काय चालेल:
हवामान, भरतीची वेळ, पाण्याचं वेळापत्रक.
एक ओळ टाइप केली, मग खोडली.

जेवले बाबा, म्हणते,
पहिल्यांदाच विचारल्यासारखं.